बरकतीचा एक

मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, दाणे मापताना पहिलं माप कुणी "एक" म्हणून टाकत नाही. "बरकत" म्हणतात, मग दोन, मग तीन. मानवतच्या मोंढ्यावर वैजीनाथच्या बापानं उभा जन्म असं मापत काढला, आणि वैजीनाथनंही तरुणपणी सहा वर्षं काढली. माप कधी तळापर्यंत कोरडं करायचं नाही, मूठभर दाणे आत राहू द्यायचे, ही त्याच धंद्याची रीत. ज्याचं माप कोरडं झालं त्याच्या घरची बरकत उठली, असं बाप सांगायचा. पुढं मोंढ्यावर इलेक्ट्रॉनिक काटे आले, वैजीनाथचं मापाडीपण सुटलं, पण बापाची ही शिकवण काही सुटली नाही. चांगल्या शिकवणीनं केवढा घात होऊ शकतो, ते पुढं कळेलच.

बावीस वर्षांपूर्वी परभणीहून कीड मोजणीच्या एका प्रकल्पाची माणसं मानवतजवळच्या रुईखेड्यात आली. गायरानाला लागून असलेल्या वैजीनाथच्या बांधावर त्यांनी प्रकाशसापळा बसवला. वर दिवा, दिव्याखाली पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्याखाली डबा. रात्रभर दिव्यावर झेपावणारे किडे डब्यात पडायचे. सकाळी डबा पांढऱ्या ट्रेमध्ये उपडा करायचा, जातवार किडे निवडायचे, मोजायचे आणि वहीत लिहायचे, एवढंच काम. पण ते रोज करायचं, दिवाळी नाही की दसरा नाही. प्रकल्पाच्या साहेबाला मोजणारा चोख माणूस हवा होता. मापाड्यापेक्षा चोख कोण मोजणार? म्हणून त्यानं जिल्ह्यातल्या तिन्ही सापळ्यांवर मोंढ्यावर घडलेली माणसंच नेमली. इथं वैजीनाथ, गंगाखेडच्या बाजूला गोदाकाठी गोपीचंद आणि चारठाण्याकडच्या माळावर बन्सीधर. बिचाऱ्या साहेबानं अक्कलच लढवली होती, पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

वहीत अकरा रकाने होते. अकरावा मोठ्या शेणकिड्याचा. काळाभोर, अंगठ्याच्या पेराएवढा, नराच्या डोक्यावर बाकदार शिंग. पहिल्या वर्षांत पावसाळ्यात हा किडा एका रात्रीत चाळीस-पन्नास यायचा आणि ट्रेवर नुसती खडखड व्हायची. मग वीस झाले, मग पाच. नऊ वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका सकाळी ट्रेमध्ये एकही नव्हता. वैजीनाथनं ट्रे तीनदा चाळला, डबा आपटून बघितला, दिव्याची काच दस्तीनं पुसली. वहीपाशी आला तेव्हा पेन अडखळलं. रकाना कोरडा कसा ठेवायचा? त्यानं तिथं एक लिहिला. बरकतीचा एक. उद्या दोन आले की फेडून टाकू, असं त्यानं स्वतःला बजावलं.

उद्या आले नाहीत. अधूनमधून एखादा खरा येई, तेव्हाही एकच लिहायचा. मग खरेही थांबले आणि वहीतला एक मात्र दर पावसाळ्यात रोज सकाळी नेमानं हजर होत राहिला. वर्षाकाठी परभणीला बैठक व्हायची. तिथं तिघांच्या वह्या शेजारी शेजारी मांडल्या जायच्या. गोपीचंदच्या वहीतही एक, बन्सीधरच्या वहीतही एक. ते बघून वैजीनाथचा जीव भांड्यात पडायचा. त्या दोघांकडं किडा आहे म्हणजे तो जगात आहे, आपल्याच दिव्याला हुकत असेल. आपल्या एकानं कुणाचं काय बिघडतंय?

यंदा श्रावणात राजेश्री आली. संशोधन करणारी, परभणीची मुलगी, तिशीच्या आतबाहेरची. पाठीवर केवढी तरी मोठी सॅक आणि सोबत प्लॅस्टिकचे चार टब. आल्या आल्या ती वैजीनाथच्या पायाच पडली.

"काका, मराठवाड्यातल्या नोंदी मी दोन वर्षं चाळतेय. मोठा शेणकिडा कुठंच उरला नाही. फक्त आपल्या जिल्ह्यातल्या तीन वह्यांमध्ये आहे, आणि सगळ्यात स्वच्छ वही तुमची. तुमच्यामुळं तो किडा वाचणार आहे, बघा."

वैजीनाथनं तिच्या हातातला टब घेऊन उगाच ओसरीच्या कोपऱ्यात नीट लावून ठेवला.

तिचा बेत साधा होता. सापळ्यात किडा जिवंत पडावा म्हणून डब्यात औषधाऐवजी ओली माती टाकायची. नर-मादीची एक तरी जोडी मिळाली की टबात माती आणि शेण घालून वाढवायची, पिल्लं झाली की गायरानावर सोडायची. पण हा किडा पावसाळ्यातच वर येतो. पाऊस उघडला की जमिनीत जातो, मग वर्ष गेलं. हाताशी जेमतेम पाच आठवडे होते. ती वैजीनाथच्याच ओसरीवर राहिली. वैजीनाथच्या बायकोनं, कमलबाईनं, तिला पहिल्याच दिवशी लेक करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिघं गायरानावर गेली. जागोजाग शेणाचे पो पडलेले होते, काही ताजे, काही महिन्यांचे, भाकरीसारखे कडक झालेले. राजेश्रीनं एक उचलला. खाली गवत पिवळं पडून कुजलं होतं आणि जमीन दगडासारखी टणक. एवढा पाऊस होऊनही पाणी आत मुरलं नव्हतं.

"चार दिवसांत हे सगळं जमिनीत गेलं पाहिजे, काकू. हा किडा भोकं पाडून शेण खाली ओढतो. त्या भोकांतून पाणी मुरतं, खत खाली जातं, माशाही होत नाहीत. आता बघा."

"आमच्या लहानपनी पो उचलायला गेलं की खालून लय किडे पळायचे," कमलबाई म्हणाली. "आता आयत्या वाळलेल्या गवऱ्या मिळायल्यात. मी आपली खूश! मला काय ठावं, ह्ये असलं कायतरी आसतंय म्हनून. पन बाई, त्यो गेला कामून?"

"जनावरांना जंताचं औषध देतो ना आपण, ते शेणात उतरतं. शेणातच किड्यांची पिल्लं मरतात. शिवाय जनावरं कमी झाली, फवारण्या वाढल्या. एकच कारण नाही." मग ती वैजीनाथकडं वळून हसली. "पण काकांच्या बांधावर आहे अजून."

वैजीनाथ खाली बघत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याला वाटलं की या पोरीला सगळं दिसतंय. पण तिला काही दिसत नव्हतं. तिचा त्याच्या वहीवर विश्वास होता, आणि हेच त्याला सोसवेना.

रोज सकाळी राजेश्री त्याच्या आधी सापळ्यापाशी उभी असायची. डबा ट्रेमध्ये उपडा व्हायचा. तुडतुडे, दोन-चार पतंग, पाणकिडे. ती चिमट्यानं एकेक बाजूला सारायची आणि शेवटी माती बोटांनी चाळायची. ती शेजारी बसलेली असल्यामुळं अकराव्या रकान्यात वैजीनाथ काहीच लिहीत नव्हता. रकाना कोराच सोडायचा.

"जुलैअखेरपर्यंत रोज एक आहे तुमच्या वहीत," ती म्हणायची. "म्हणजे मी यायच्या आदल्या दिवसापर्यंत तो इथं होता. मग आताच काय झालं? माझंच काही चुकतंय का काका? ओल्या मातीचा वास लागत असेल का त्याला?"

"तुमचं काय चुकंल, ताई," एवढंच तो म्हणायचा.

अकरा दिवस गेले. राजेश्रीनं गायरानावर ठिकठिकाणी खड्डे करून त्यांत ताजं शेण ठेवलं. भर पावसात गुडघ्यांवर रांगत ती ते तपासायची. हात चिखलानं फुटले, दोन दिवस ताप आला, तरी ती उठली. अठराव्या दिवशी वैजीनाथ बांधावरून येत असताना ती एका खड्ड्याजवळ बसलेली दिसली. चेहरा ओंजळीत होता आणि खांदे हलत होते. त्याला बघून तिनं डोळे पुसले.

"एक जोडी, काका. मला जास्त नको. मागच्या वर्षी विदर्भात हिंडले, त्याच्या आधी तेलंगणाच्या सीमेवर. कुठंच नाही. म्हणून या वर्षी सगळा पावसाळा इथं लावलाय, कारण इथं नक्की आहे. इथंही नाही मिळाला तर मी कुठं जाऊ?"

वैजीनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला. आपण लिहिलेल्या एका आकड्यानं या पोरीचा अख्खा पावसाळा खाल्ला होता. सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, "मिळंल ताई. मी बघतो कायतरी."

आता काय बघणार होता? पण बोलून बसला. आणि बुडत्याला काडीचा आधार, तसं त्याला गोपीचंदचं नाव आठवलं. गोपीचंदकडं रोज एक येतो. त्याच्याकडून दोन-तीन दिवसांचे किडे घेऊन यायचे आणि गुपचूप आपल्या डब्यात सोडायचे. पोरीला जोडी मिळेल, किडा वाचेल, आणि आपलं पाप झाकलं जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सुचल्यावर त्याला नऊ वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची मोजणी झाल्यावर तो कपडे करून निघाला. स्टीलच्या डब्यात ओली माती भरली आणि झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली.

"आवो, कुटं निघालाव?" कमलबाईनं विचारलं. "आन् ह्यो कोरा डबा घेतलाव तो? त्येला भोकं कामून पाडलीव?"

"गंगाखेडला जाऊन येतो. गोपीचंदाचं काम हाय."

"गोपीचंदाला माती न्यायलाव व्हय? त्येच्याकडं गंगामाय हाय, मातीला तोटा हाय का?" ती पदर तोंडाला लावून हसली. त्याला हसू आलं नाही.

मानवतहून परभणी, परभणीहून गंगाखेड. एसटीत डबा त्यानं मांडीवर धरून ठेवला. शेजारच्या माणसानं लाडू आहेत का म्हणून विचारलं, तर त्यानं मान हलवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कापूस हिरवागार उभा होता. एवढं हिरवं असून खिडकीच्या काचेवर एक किडा आपटत नव्हता. पूर्वी पावसाळ्यात ड्रायव्हरला काच पुसायला गाडी थांबवावी लागायची. हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं आणि आता जाणवल्यावर दुसरं काही दिसेना.

गोपीचंद नदीकाठच्या उसाला लागून असलेल्या घरात राहायचा. वैजीनाथला बघून तो उठूनच आला.

"आरं वैजीनाथा! तू कसा काय? बैस, बैस. च्या टाकायला सांगतो."

चहा झाला, पाऊसपाणी झालं, लेकराबाळांची चौकशी झाली. वैजीनाथनं डबा पुढं सरकवला.

"गोप्या, एक काम हाय. इमानानं सांगतो, कुनाला बोलू नको. माझ्याकडं मोठा शेणकिडा येत न्हाई. लय वर्षं झाली. म्या बरकतीचा एक लिहित आलो. आता मॅडम येऊन बसल्यात, अन् माझं त्वांड दाखवायची सोय न्हाई. तुझ्याकडं रोज एक येतोय. मला एक जोडी दे. दोन दिवस ऱ्हातो मी, पडला की घिऊन जातो."

गोपीचंद आधी हसला. वैजीनाथ आपली गंमत करतोय असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं डब्याच्या झाकणावरची भोकं बघितली आणि त्याचं हसू उतरलं. तो उठून आत गेला, वही घेऊन आला, आणि ती न उघडताच मांडीवर ठेवून बसला.

"सात वर्सं झाली, वैजीनाथा," तो हळूच म्हणाला. "गंगामायला पूर आला होता त्या साली शेवटचा पायला म्या. शिंग मोडलेला नर होता. त्येच्यानंतर न्हाई."

"मंग वहीत?"

"वहीत माप कोरडं कसं लिवायचं?" गोपीचंद एकदम चिडला. "माझ्याबी बापानं मोंढ्यावरच जिनगानी घातली. म्या म्हनायचो, वैजीनाथकडं हाय, बन्सीधरकडं हाय, म्हंजी हाय. माझ्याच दिव्यात खोट आसंल. साहेब सापळा काढून नेतेल, म्हनून मी गप बसायचो."

उसाकडच्या वाटेनं जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा खडखडाट येत होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे वैजीनाथला तिथं बसल्या बसल्या कळलं. आपल्या बांधावर नाही हे त्याला नऊ वर्षं माहीत होतं, पण ते दुःख एका बांधापुरतं होतं. गोपीचंदकडं आहे या एका विश्वासावर त्याला रोज रात्री झोप लागायची.

"बन्सीधरकडं आसंल," गोपीचंद म्हणाला. "त्येच्याकडं माळ हाय, डोंगर हाय. शेरडं-मेंढरं हायत. त्येच्याकडं नक्की आसंल."

"व्हय, आसंल," वैजीनाथ म्हणाला. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत नव्हते.

तो घरी आला तेव्हा दिवस मावळायला आला होता. राजेश्री ओसरीवर बसून टबातली माती बदलत होती, जणू उद्याच त्यात कुणी राहायला येणार होतं. त्यानं डबा खाली ठेवला, कमलबाईलाही हाक मारून बोलावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मोंढा, बाप, कोरडं माप, नऊ वर्षं. गोपीचंदचंही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज एकदाही फुटला नाही.

कमलबाई मटकन खाली बसली. "आवो, तुमी रोज मोजायलाव म्हनून मी गावात सांगत फिरायले," एवढंच ती म्हणाली.

राजेश्री ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं हातांची माती झाडली, वही ओढून घेतली आणि एकेक पान उलटत गेली. दोन हजार सतराच्या पानावर थांबली.

"त्या वर्षी प्रकल्पाच्या बैठकीत या तीन वह्या समोर होत्या," ती म्हणाली. "मी तेव्हा शिकत होते, मागं बसले होते. सगळे म्हणाले, परभणीत अजून आहे, घाई नाही, आधी बाकीच्यांचं बघू. काका, तुम्ही तिथं शून्य लिहिलं असतं ना, तर आम्ही त्याच पावसाळ्यात धावत आलो असतो. तेव्हा गोपीचंदकाकांकडं होते. त्याच्यानंतरही, शिंग मोडलेला का होईना, एक होता. त्याला मादी शोधता आली असती."

वैजीनाथला वाटलं, जमीन दुभंगावी. बरकत राहावी म्हणून ज्यानं एक लिहिला, त्यानंच बरकत उठवली होती. बापाला काय सांगणार, साहेबाला काय सांगणार, आणि त्या मुक्या किड्याला तर काय सांगणार? शून्य त्याला अभद्र वाटत आलं होतं. ते संकटात मारलेली हाक असू शकतं, हे मोंढ्यावर कुणी शिकवलं नव्हतं. तो भिंतीला टेकून रडायला लागला, म्हातारा माणूस रडतो तसा, आवाज न करता. कमलबाईनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती.

"बन्सीधर हाय अजून, ताई," तो डोळे पुसत म्हणाला. "त्येच्याकडं माळ हाय. तुमी फोन लावा. आताच लावा. त्यो न्हाई म्हनायचा न्हाई."

राजेश्रीनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. चार वेळा वाजल्यावर बन्सीधरचा खणखणीत आवाज आला.

"बोला मॅडम! किडा? हाय की! रोज एक. वहीत हाय बगा सगळं."

राजेश्रीचा चेहरा एकदम उजळला. वैजीनाथनं हात जोडून वर बघितलं. पण ती दोन वर्षं नोंदी चाळलेली बाई होती.

"बन्सीधरकाका, वहीचं राहू द्या. डोळ्यानं कधी बघितला शेवटचा?"

पलीकडं कुठंतरी शेळी ओरडली.

"आता तसं नेमकं कसं सांगू," बन्सीधर चाचरत म्हणाला. "सांजचं मला दिसतबी कमी. पोरगं म्हनतं न्हाई दिसत, पन मी म्हनतो आसंल... मॅडम, मी बरकत म्हनून... तुमी आसं करा, वैजीनाथला इचारा. त्येचं माप लय चोख हाय. म्या तर त्येच्याच भरवशावर ऱ्हायलो. त्येच्याकडं हाय ना?"

राजेश्रीनं फोन उचलला नाही, तसाच वैजीनाथच्या पुढं सरकवला.

वैजीनाथ खाली वाकला. फोनच्या इतक्या जवळ की त्याचा श्वास काचेवर उमटला.

"बन्सीधर, मी वैजीनाथ बोलायलोय," तो म्हणाला. "माझ्याकडं न्हाई. गोपीचंदाकडंबी न्हाई. आपन तिघंबी एकमेकांच्या वहीकडं बघून लिवत होतो."

बन्सीधरनं हळूच विचारलं, "मंग कुटं हाय रं त्यो?"

पलीकडं बन्सीधर वाट बघत राहिला, आणि त्याचा फोन ठेवायची हिंमत ओसरीवरच्या तिघांपैकी एकालाही झाली नाही.